झऱ्याच्या अलीकडच्या खुणा

९ मे २०२२, सोमवार
दाब: सकाळी १५०/९५

डॉक्टरीणबाईंनी ही वही दिली ती रक्तदाब लिहायला. सकाळी एक आकडा, संध्याकाळी एक. पण सत्तावीस वर्षं मी बस चालवली आहे, रिकामी गाडी नेणं मला जिवावर येतं. तेव्हा उरलेल्या जागेत जे सुचेल ते लिहीन. राझियाच्या हाती लागू नये म्हणून वही औजारांच्या खोक्यात ठेवणार आहे. ती म्हणते, पासष्टीला टेकलेला माणूस लपवालपवी करायला लागला की समजावं, काहीतरी शिजतंय. बायको आहे, बोलणारच.

आज गिर्यारोहण मंडळाची गाडी येऊन दोन डबे रंग ठेवून गेली. एक तांबडा, एक पांढरा. आमच्या यासेनिकपासून वर खिंडीतल्या आजीच्या झऱ्यापर्यंतची जुनी वाट उघडायची आहे. ब्याण्णवच्या युद्धापासून त्या वाटेवर कवटीच्या चित्राच्या पाट्या होत्या. यंदा बर्फ वितळल्यावर सुरुंग काढणारे शेवटचे येऊन गेले, पाट्या उपटून नेल्या आणि वाट साफ असल्याचा कागद दिला. आता देशोदेशीच्या चालणाऱ्या लोकांसाठी दगडांवर खुणा रंगवायच्या. २६ जूनला पहिला जथा येणार. खिंडीपलीकडच्या क्रुशेव्ल्ये गावातून चढायचा, झऱ्यावर पाणी प्यायचा आणि खाली आमच्याकडे जेवायला उतरायचा.

वाट कुणाला पाठ आहे असं मंडळाने विचारलं तेव्हा मीच हात वर केला. पलीकडची बाजू कोण रंगवतंय हे मात्र मला कुणी धड सांगितलं नाही. आल्मासा फोनवर म्हणाली, ‘‘करतंय कुणीतरी, बाबो. तू आपली बाजू बघ.’’ आल्मासा माझी लेक. सारायेव्होत असते, मंडळाचे कागद तीच सांभाळते.

क्रुशेव्ल्ये म्हणजे ओस्तोयाचं गाव. तो आहे की गेला मला माहीत नाही, आणि माहीत करूनही घ्यायचं नाही.

दाब पुन्हा मोजला. १६८/१००. राझियाने चीज फार खारट केलंय.

१२ मे, गुरुवार
दाब: १४५/९०

आज खुणांना सुरुवात. काम दिसतं तेवढं सोपं नाही. आधी तारेच्या ब्रशने दगडावरचं शेवाळ खरवडायचं, मग पांढरा ठिपका, तो वाळला की भोवती तांबडं कडं. खूण डोळ्यांच्या उंचीवर हवी. आणि एका खुणेपाशी उभं राहिलं की पुढची दिसलीच पाहिजे, नाहीतर परका माणूस धुक्यात थेट दरीत जायचा.

मी मोठी आणि ठसठशीत कडी काढतो. राझिया जेवणाचा डबा घेऊन आली होती. म्हणाली, ‘‘अरे नेझिर, खुणा काढतोयस की बसथांब्याच्या पाट्या?’’

‘‘लोक चुकायला नकोत.’’

‘‘लोक कसले चुकतायत? चुकणारे वेगळेच असतात,’’ म्हणाली आणि बटाटा भरून भाजलेला पिटा माझ्या हातात कोंबून खाली गेली. तिच्या बोलण्याचा अर्थ लावत बसलो तर बर्फ पडेल.

संध्याकाळपर्यंत बीच झाडांच्या रानापर्यंत पोचलो. हात दुखतायत, पण बरं वाटतंय. रान तसंच आहे. कोकिळेने एकदाही तोंड मिटलं नाही.

१५ मे, रविवार
दाब: सकाळी १४०/८८, दुपारी १७०/१००

आल्मासा नातीला घेऊन आली. दुन्या दीड वर्षाची झाली, केस डोळ्यांवर येतात, धान्याच्या गंजीतून उंदीर बघावा तशी बघते. मी म्हटलं, ‘‘आणा ती कात्री, दोन मिनिटांत पोरीला मोकळी करतो.’’

राझियाने कात्री उचलली आणि स्वतःच्या खिशात टाकली. ‘‘आजोबाने जावळ काढायला गाव ओस पडलंय काय?’’

‘‘मग वाट कुणाची बघताय?’’

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. आल्मासा म्हणाली, ‘‘बाबो, तुझ्या खुणा कुठवर आल्या?’’ विषय बदलण्यात ती अगदी आईवर गेली आहे.

डॉक्टरीणबाई शहरातल्या आहेत, ही वही त्यांच्या हाती पडलीच तर कळावं म्हणून लिहितो. आमच्याकडे जावळ घरच्याने काढायचं नसतं. बाहेरच्या माणसाने काढायचं, आणि होता होईतो दुसऱ्या धर्माच्या. मशिदीत जाणाऱ्याच्या पोराला चर्चमध्ये जाणाऱ्याने कात्री लावायची, त्याच्या पोराला याने. कात्री लावली की तो त्या घराचा कुम झाला. भावाशी भांडण चालतं, कुमशी चालत नाही.

आल्मासाचं जावळ ओस्तोयाने काढलं होतं. अठ्ठ्याऐंशी साली, याच जागी, जुन्या घरातल्या टेबलावर बसवून. तो दोन्ही गावांत सगळ्यांत उंच. आमच्या दारातून आत येताना वाकायचा आणि दर खेपेला म्हणायचा, ‘‘कुमे, दार बुटक्यांसाठी केलंय का?’’ आल्मासा भोकाड पसरून रडत होती आणि तिच्याहून जास्त घाम त्याला फुटला होता. मधमाश्या पाळणारा माणूस, डंखाला भ्यायचा नाही, पण कात्री धरताना हात थरथरत होता.

पुढचं थोडक्यात लिहितो. ब्याण्णवच्या वसंतात रस्त्यांवर नाके बसले, शेजारी शेजाऱ्याला बघून पडदे ओढायला लागला. तेव्हा आमचं दोघांचं ठरलं होतं. जुर्जेवदानच्या सणानंतरच्या रविवारी दोघांनी आजीच्या झऱ्यावर यायचं आणि जे कानावर आलं असेल ते एकमेकांना सांगायचं. तो आला नाही. बुधवारी आम्ही नेसत्या कपड्यांनिशी गाव सोडलं आणि गुरुवारी गाव जळलं. अकरा वर्षांनी परतलो तेव्हा चुलीच्या जागी एक झाड उगवलं होतं, माझ्याहून उंच.

तो आला नाही. बास. शिळ्या कढीला ऊत आणण्यात अर्थ नाही.

२४ मे, मंगळवार
दाब: १४८/९०

झऱ्यावर पोचलो! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बर्फाचा एक पट्टा अजून सावलीत होता, त्याच्या कडेने पिवळी फुलं. पाणी तसंच, दात शिवशिवले. मी टोपी काढून थोडा वेळ बसलो.

झऱ्याच्या साखळीला नवा पत्र्याचा पेला अडकवलेला आहे. एक नव्हे, दोन. म्हणजे पलीकडचा रंगवणारा माझ्या आधी इथे पोचून गेला. त्याच्या खुणा बघायला चार पावलं पलीकडे गेलो आणि हसूच फुटलं. माणसाने प्रत्येक खूण गुडघ्याइतक्या उंचीवर काढली आहे! कडी सुबक आहेत, एका दमात फिरवलेली, ते कबूल. पण इतक्या खाली? खुणा माणसांसाठी आहेत की कोंबड्यांसाठी? मंडळाने कुणी नवशिका धरलेला दिसतो. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, याला तर अंगण कुठे आहे तेच माहीत नाही.

घरी येऊन राझियाला सांगितलं. तिने विचारलं, ‘‘किती खाली?’’ मी हाताने दाखवलं. तिने माझ्या हाताकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, ‘‘एवढं?’’ मग भांडी घासायला गेली. घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती.

२ जून, गुरुवार
दाब: १४२/९०

पाऊस. काही नाही. राझियाने विचारलं, झऱ्यावरून वळून आपल्या गावाकडे बघितलंस का? म्हटलं, त्यात काय बघायचं, रोज त्याच गावात असतो.

११ जून, शनिवार
दाब: सकाळी १३८/८६, संध्याकाळी मोजला नाही

जथा दोन आठवड्यांवर असताना एक पाहुणी आधीच येऊन धडकली. तीही वाटेने नव्हे, आमच्या बटाट्याच्या वाफ्यातून! राझिया खुरपत होती. समोर खाजऱ्या पानांच्या झुडपातून एक उंच गोरी बाई बाहेर आली, हातापायांवर फोड, केसांत काटक्या, आणि हसून म्हणाली, ‘‘सुंदर!’’

नाव पिर्यो. फिनलंडची, माझ्याच वयाची असेल. आमच्या भाषेतले तिला दोनच शब्द येतात, ‘सुंदर’ आणि ‘चालेल’. बाकी सगळं आल्मासाने फोनवरून इकडचं तिकडे केलं. बाई क्रुशेव्ल्येहून सकाळी निघाली होती. झऱ्यापर्यंत लहान मूलही येईल इतकी वाट सोपी होती म्हणे. झऱ्यानंतर खुणाच संपल्या. चार तास ती ओढ्यातून भटकली.

‘‘संपल्या?’’ मी म्हटलं. ‘‘माझ्या बाजूला त्रेसष्ट खुणा आहेत! तिला चष्मा लागलाय का विचार.’’

आल्मासाने विचारलं. पिर्यो फोनवर बराच वेळ बोलली. आल्मासा म्हणाली, ‘‘बाबो, ती म्हणते, मी माफी मागते, पण एकही नव्हती.’’

मला रागच आला. पण पाहुणी ती पाहुणी. राझियाने तिच्या पायांना ताक लावलं, मी कॉफी दळली. पिर्योने पिशवीतून मधाची बाटली काढून टेबलावर ठेवली. पलीकडच्या गावात एका म्हाताऱ्याने दिली होती, ‘जिथे रात्री झोपशील त्या घरासाठी’ म्हणून. झाकणाला मेणाचा दोरा, दोन फेरे आणि वर छोटी गाठ. मध जंगली फुलांचा, काळपट, थोडा कडवट. फार चांगला. मी तीन चमचे खाल्ला. राझियाने बोटाने चाखला आणि उठून बाहेर गेली. विचारलं तर म्हणाली, धूर डोळ्यांत गेला. चूल पेटलेलीच नव्हती.

१२ जून, रविवार
दाब: १७२/१०४

पिर्योचं म्हणणं खोटं ठरवायला तिला घेऊन वर गेलो. चढताना प्रत्येक खुणेपाशी थांबून बोट दाखवत होतो. ती मान डोलवायची, ‘‘सुंदर, सुंदर.’’ झऱ्यावर पाणी प्यायलो. मग तिने माझ्या खांद्यांना धरलं आणि मला गावाकडे तोंड करून वळवलं.

एकही खूण नव्हती.

सगळ्या त्रेसष्ट खुणा मी दगडांच्या खालच्या अंगाला काढल्या आहेत, चढणाऱ्याच्या नजरेसमोर. वरून बघणाऱ्याला फक्त उघडे दगड. आमच्या गावाहून तिकडे जाणाऱ्याला वाट आहे, तिकडून आमच्याकडे येणाऱ्याला नाही. आणि जथा तिकडूनच यायचाय, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मंडळाच्या कागदावरही पहिल्याच ओळीत लिहिलंय: प्रत्येक खूण दोन्ही दिशांनी. मी तो कागद वाचला होता, त्यावर सही केली होती.

मी आयुष्यभर बस न्यायचो आणि आणायचो. एकदाही परतीची फेरी विसरलो नाही. आता मनात म्हणत होतो, रंग कमी होता. पण घरी डबा अर्धा भरलेला आहे. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसलं, स्वतःचं मुसळ दिसलं नाही. तो पलीकडचा कोंबडीवाला, त्याने मात्र प्रत्येक दगडाला दोन खुणा काढल्या आहेत. येणाऱ्यालाही, जाणाऱ्यालाही. आमच्याकडून तिकडे जाणाऱ्यासाठीची तर जरा मोठीच.

पिर्योने मला काही ऐकवलं नाही. फोनमधले फोटो दाखवत बसली. एकात तो रंगवणारा पाठमोरा दिसतो, टोपी घातलेला, तीन पायांच्या स्टुलावर बसून दगड रंगवतोय. पाठीचं पार धनुष्य झालंय. म्हातारा माणूस आहे, नवशिका नाही. मला जरा वाईट वाटलं, कोंबड्यांवरून बोललो म्हणून.

एक क्षण मनात आलं... पण नाही. ओस्तोया असता तर खुणा डोक्याच्याही वर असत्या.

१४ जून, मंगळवार
दाब: १६०/९८

दोन दिवस झाले, झोप नीट नाही. वही माझीच आहे, कुणी वाचत नाही, तेव्हा लिहून टाकतो.

त्या रविवारी मी झऱ्यावर गेलो नव्हतो.

राझियाला सांगून निघालो. बीचच्या रानापर्यंत गेलो आणि बसलो. वाटेत कुणी गाठलं तर? आणि त्याहून वाईट मनात आलं, ओस्तोयाच कुणाला घेऊन आला असेल तर? माझ्या लेकीच्या कुमबद्दल मला असं वाटलं. दोन तास झाडाखाली बसलो, घरी आलो आणि म्हणालो, ‘‘आला नाही.’’ मग तेच राझियाला, आल्मासाला, निर्वासितांच्या छावणीत, परतल्यावर गावाला, सगळ्यांना सांगत आलो. इतक्यांदा सांगितलं की मलाच खरं वाटायला लागलं. तो बिचारा तिथे दिवसभर बसला असेल. ज्याने वाट पाहिली त्यालाच मी खोटा पाडला.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. परतीच्या खुणा मी विसरलो नव्हतो. मला त्या वाटेने कुणी यायलाच नको होतं.

लिहून झाल्यावर दाब मोजला. १३६/८४. यंत्र बिघडलेलं दिसतंय.

१७ जून, शुक्रवार
दाब: १३८/८५

तीन दिवस परतीच्या खुणा चालू आहेत. पिर्यो जायला तयार नाही. आल्मासाने विचारलं तर म्हणाली, पुढचा देश कुठे पळून जात नाही. आमची कामाची पद्धत तिनेच बसवली. ती झऱ्यावर जाते आणि पहिल्यांदाच आल्यासारखी खाली यायला लागते. जिथे तिचं पाऊल अडतं तिथे मी खूण काढतो. वाट माहीत असून मुद्दाम हरवायचं! ती इतकं मन लावून हरवते की एकदा खरंच ओढ्यात उतरली. मी ओरडलो, ‘‘अगं बाई, इतकंही नको!’’ ती तिकडून म्हणाली, ‘‘चालेल!’’

गावातले चौघे कोयते घेऊन आले आणि वाटेवरचं झुडूप साफ केलं, अगदी सगळ्यांनी मिळून करायच्या जुन्या इर्जिकीसारखं. राझियाने सगळ्यांना पिटा आणि ताक दिलं. कुणीतरी जुनं गाणं काढलं. इतकं हसलो आम्ही, की मी युद्धाआधीच्या एखाद्या दिवसात बसलो आहे असं वाटलं.

शेवटच्या उतरणीवर पिर्यो माझ्या खुणांकडे बघून सारखी मान हलवत होती. मग तिने वाकून, कंबरेवर हात ठेवून चालून दाखवलं. पलीकडच्या म्हाताऱ्याला मान वर करता येत नाही, असं तिला सांगायचं होतं. मी म्हटलं, तो कशाला येतोय इकडे? पण रंग उरला होता. म्हणून प्रत्येक खुणेखाली गुडघ्याइतक्या उंचीवर आणखी एकेक काढून टाकली. चांगला रंग डब्यात सुकवायचा कशाला?

२६ जून, रविवार
दाब मोजायचा राहिला

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर गोंधळ होईल.

सकाळी आल्मासा, दुन्या, राझिया, पिर्यो आणि मी झऱ्यावर गेलो. राझिया एरवी गुडघ्यांची तक्रार करते, आज चढणीवर माझ्यापुढे होती. मी म्हटलं, ‘‘स्वागताला मी एकटा पुरे होतो.’’ ती म्हणाली, ‘‘तू? तुला समोरचा माणूस ओळखू आला तरी खूप.’’

दहाच्या सुमारास जथा दिसला. वीसेक माणसं, काठ्या, रंगीत पिशव्या. मागून एक तपकिरी डोंगरी घोडा आणि त्यावर वाकून बसलेला एक म्हातारा, फोटोतला. टोपी तीच. मी त्याला हात केला आणि त्याच्या मागे बघत राहिलो. का कोण जाणे, त्याच्या मागून कुणी उंच माणूस येईल असं वाटत होतं. कुणी आलं नाही. वाट रिकामी होती.

घोडा माझ्यासमोर थांबला. म्हाताऱ्याने मान तिरकी करून, खालून वर, माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या शेवटच्या खुणेकडे.

‘‘कुमे,’’ तो म्हणाला, ‘‘एवढ्या उंच खुणा कुणासाठी काढल्यास? देवासाठी?’’

आवाज तोच होता.

माझ्या तोंडून निघालं, ‘‘तुझ्या कोंबड्यांसाठी आहेत त्यापेक्षा बऱ्या.’’

लोकांना वाटलं भांडण होतंय. मी त्याला घोड्यावरून उतरवलं. एवढा मोठा माणूस, माझ्या हातांत काहीच वजन नव्हतं. झऱ्याच्या दगडावर बसवला, पेला भरून दिला. दुसरा माझ्यासाठी भरला. बसलो. आणि मनात ठरवलेलं काहीच आठवेना, म्हणून सरळ बोललो.

‘‘ओस्तोया, त्या रविवारी मी आलो नव्हतो.’’

कुठला रविवार, असं त्याने विचारलं नाही.

‘‘तू इथे बसून राहिला असशील. मी रानातूनच परत फिरलो. भ्यालो. तुलाही भ्यालो. आणि मग जगाला सांगत सुटलो की तू आला नाहीस.’’

त्याने पेला दगडावर ठेवला. म्हणाला, ‘‘मीही नव्हतो आलो.’’

‘‘काय?’’

‘‘बूट घातले होते. दारापर्यंत गेलो. परत काढले. बायकोला म्हटलं, नेझिर तिथे एकटाच बसला असेल. ती म्हणाली, मग जा ना. नाही गेलो.’’ त्याने तोंड पुसलं. ‘‘तीस वर्षं तू मला या दगडावर बसलेला दिसतोयस. तो तुझा हिरवा स्वेटर घालून.’’

‘‘आणि मला तू.’’

‘‘म्हणजे इथे...’’

‘‘कुणीच नव्हतं.’’

‘‘कुणीच नव्हतं?’’

कोण आधी हसलं सांगता येणार नाही. तो खोकत खोकत हसत होता, मी त्याची वाकलेली पाठ धरून. कुणीही नसलेल्या जागी आम्ही दोघांनी एकमेकाला तीस वर्षं बसवून ठेवलं होतं! पिर्यो घाबरून पाणी घेऊन धावत आली. मग हसता हसता माझं रडू कधी सुरू झालं ते कळलं नाही. त्याचंही. राझियाने सगळ्या जथ्याला दुसरीकडे तोंड करून फुलं बघायला लावली.

शांत झाल्यावर तो म्हणाला, ‘‘एक सांगतो. तुला सांगण्यासारखं माझ्या कानावर काही आलं नव्हतं. पण आलं असतं तर मी ते बूट काढले नसते, असं मला आजही छातीठोक सांगता येत नाही.’’

मी त्याचा पेला पुन्हा भरला. त्याने हे मला सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगितलं नसतं.

उतरताना मी घोड्याचा लगाम धरला होता. पहिल्या वळणावर त्याने घोडा थांबवायला लावला. दगडावर वर एक खूण होती, आणि खाली, गुडघ्याइतक्या उंचीवर, एक. मान वर न करता त्याला दिसत होती. पुढच्या दगडालाही तशीच. तिसऱ्या दगडाला त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि गाव येईपर्यंत घातली नाही.

आमच्या दारातून आत यायला त्याला आता वाकावं लागत नाही, तो वाकलेलाच आहे. तरी उंबऱ्यावर थांबून म्हणाला, ‘‘कुमे, दार मोठं केलंस.’’

टेबलावर दुन्याला बसवलं. राझियाने खिशातून कात्री काढली. मला वाटतं ती मेपासून त्याच खिशात होती. मी आल्मासाला विचारलं, ‘‘तुला कधीपासून माहीत होतं?’’

‘‘तीन वर्षं फोन करते त्याला, बाबो.’’

‘‘आणि तुला?’’

राझिया म्हणाली, ‘‘तेव्हापासूनच. मधाच्या झाकणावर तर त्याची गाठ होती. आंधळ्यालाही दिसली असती. तुला सोडून सगळ्या डोंगराला माहीत होतं.’’

ओस्तोयाचा हात पूर्वीपेक्षा जास्त थरथरतो. म्हणून मी दुन्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि त्याने कात्री लावली. मऊ, फिकट बटा बशीत पडत गेल्या. आईसारखं भोकाड पसरेल म्हणून आम्ही दोघं श्वास धरून होतो. पण तिच्या डोळ्यांवरचे केस गेले, तिने पहिल्यांदा आम्हाला नीट बघितलं, एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे, आणि खदखदून हसली.

पिर्यो म्हणाली, ‘‘सुंदर.’’ यावेळी तिला दुसरा शब्द हवाही नव्हता.

२७ जून, सोमवार

यंत्र सापडत नाही. राझियानेच लपवलं असणार.

ओस्तोया रात्री इथेच राहिला. आज त्याला पोचवायला मी पलीकडे निघालो आहे, कोंबड्यांच्या खुणा धरून. राझियाने पिटा बांधून दिला आहे आणि दारात उभी राहून विचारते आहे, परत कधी येणार?

म्हटलं, खुणा आहेत. येईन.